तर्री वर येते कशी: घरच्या घरी नागपुरी चना-पोहे

रविवारी सकाळी कस्तुरचंद पार्ककडून गाडी काढली की पोह्यांच्या ठेल्यांभोवतीची गर्दी लांबूनच दिसते. प्लेटमध्ये पिवळे पोहे, त्यावर चना, आणि मग ठेलेवाला डाव तिरपा धरून गंजातला वरचा लालभडक थर तेवढा उचलतो. ती तर्री. बाहेरगावच्या पाहुण्याला वाटतं की हे तिखट घातलेलं तेल आहे. तो घरी जाऊन कढत तेलात चार चमचे तिखट ओततो आणि सगळं घर खोकत बाहेर येतं.

हे मी ठामपणे सांगू शकतो, कारण पहिल्या वेळी मीही तेच केलं होतं. तिखट दोन सेकंदांत काळं पडलं, शेजारचे काका जिन्यावरून विचारू लागले की काय जळलं, आणि रस्सा कडू झाला तो झालाच. पुढे गोळीबार चौकाकडच्या एका सावजी भोजनालयात जेवताना तिथल्या आचाऱ्याला धीर करून विचारलं, की तर्री आणता कशी? तो हसला. "भाऊ, तिले आणा लागत नाही. मसाला नीट भुंजा, पानी टाका, अन् मंग हात बांधून बसा. ते येते आपली."

खालची सगळी रीत म्हणजे त्या एका वाक्याचा विस्तार आहे. प्रमाण चार-पाच जणांचं. वेळ आदल्या रात्रीपासून धरा.

थोडं मागचं

नागपूरचा हा झणझणीतपणा प्रामुख्याने हलबा कोष्टी समाजाच्या सावजी स्वयंपाकातून आला. विणकरांचा हा समाज. हातमागांचं हे शहर गिरणीचंही झालं ते १ जानेवारी १८७७ ला. जमशेटजी टाटांनी त्या दिवशी इथे कापडगिरणी सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस मिल. सावजी भोजनालयं आजही जुन्या नागपुरातल्या विणकरांच्या वस्त्यांच्या आसपास दाटीनं आहेत.

पण ज्या मिरचीवर आपण एवढा जीव टाकतो ती आपली नव्हेच. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला पोचले आणि त्यांच्या जहाजांतून ती पुढच्या काही दशकांत इकडे रुजली. त्याआधी आपल्या जेवणातला तिखटपणा काळ्या मिरीचा, पिंपळीचा आणि आल्याचा. 'मिरची' हा शब्दसुद्धा 'मिरी'वरूनच आलेला. बटाटा, टोमॅटो आणि फल्ली, म्हणजे शेंगदाणे, हेही अमेरिकेतलेच. तेव्हा तर्रीत बुडवलेला आलूबोंडा हा आपला सगळ्यात अस्सल नाश्ता म्हणजे निम्मा परदेशी पाहुणाच. आता गंमत अशी, की गोंड राजा बख्त बुलंद शाहनं नागपूर वसवलं ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. म्हणजे मिरची हिंदुस्थानात येऊन दीडशेहून जास्त वर्षं झाली होती. वयानं शहर धाकटं आणि मिरची थोरली. त्यामुळे 'परकी' म्हणायचं तरी कोणी कोणाला?

आदल्या रात्री: चना

एक मोठी वाटी, साधारण २०० ग्रॅम, काळे हरभरे धुऊन भरपूर पाण्यात भिजत घाला आणि त्या पाण्यात एक चमचा मीठ टाका. मीठ घातलं की कडधान्य शिजत नाही असं आमच्याकडे बजावून सांगायचे. खरं उलटं आहे. हरभऱ्याचं साल टणक राहतं ते त्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे. मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं आणि साल मऊ पडतं. शिजायला खरा विरोध करतात ते आंबट पदार्थ आणि जड पाणी. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम जास्त, म्हणून त्यात डाळ-हरभरे तासभर शिजवूनही टचटचीत राहतात. तुमच्याकडे बोअर असेल तर भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं पाणी घ्या. चिमूटभर सोडा टाकून काम उरकतंही, पण दाण्याचं पीठ होतं आणि तोंडाला साबणाची चव येते. मी टाकत नाही.

आठ-दहा तासांनी ते पाणी काढा, नव्या पाण्यात कुकरला चार शिट्ट्या घ्या आणि मग बारीक आचेवर दहा मिनिटं ठेवा. दाणा बोटांत दाबला की चेपला पाहिजे, पण फुटता कामा नये. शिजवलेलं पाणी ओतून देऊ नका, ते रश्श्यात जाणार आहे.

मसाला

इथे घाई केली की पुढचं काहीही वाचवता येत नाही, म्हणून हा भाग जरा लांबवतो.

सामान सगळं इतवारीच्या किराणा ओळीत एका फेरीत मिळतं: धणे दोन मोठे चमचे, जिरे एक छोटा चमचा, शहाजिरे अर्धा छोटा चमचा, सहा-सात मिरी, चार लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, एक मसाला वेलची, एक चक्रीफूल, दोन तमालपत्रं, दोन चिमटी दगडफूल, एक मोठा चमचा खसखस आणि अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर, त्यामुळे ओल्या नारळाची चैन इथल्या रोजच्या स्वयंपाकात कधी नव्हती. सावजी मसाला सुक्या खोबऱ्याचाच. ओलं घालून केलेला रस्सा गोडसर होतो आणि दुसऱ्या दिवशी टिकत नाही.

दगडफुलाबद्दल थोडं. ते फूल नाही, आणि दगडाचंही नाही. झाडांच्या सालींवर आणि खडकांवर वाढणारं ते दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांनी एकत्र मांडलेला संसार. बुरशी घर देते, शेवाळ उन्हातून अन्न तयार करतं. कोरडं दगडफूल हुंगलं तर जुन्या कपाटासारखा वास येतो, काही खास नाही. दोन थेंब तेलावर परतलं की मात्र सावजी भोजनालयाच्या दारातला तो धुरकट, मातकट वास घरात येतो. त्यात सालीचे तुकडे आणि माती अडकलेली असते, तेव्हा चाळणीत झटकून घ्या. चिमटीच्या वर नको. जास्त झालं की रस्सा औषधासारखा लागतो.

खसखशीबद्दलही एक सूचना, आणि ही गमतीची नाही. खसखस ज्या झाडाची त्याच झाडाच्या बोंडातून अफू निघते. दाण्यांत नशा नसते, आपल्याकडे ती उघड विकली जाते, पण संयुक्त अरब अमिरातीत खसखस बाळगणं हा गुन्हा आहे आणि सिंगापुरातही तिला बंदी आहे. दुबईच्या लेकीसाठी आईनं प्रेमानं दळलेला सावजी मसाला बॅगेत जाणार असेल तर खसखस वगळूनच दळा. त्याजागी तीळ किंवा मगज चालतात.

भाजायचा क्रम असा ठेवा. जाड बुडाच्या कढईत बारीक आचेवर आधी धणे. त्यांचा रंग किंचित बदलला की मिरी, लवंग, दालचिनी, वेलची, चक्रीफूल, तमालपत्र. मग जिरे-शहाजिरे, कारण ते लहान, लवकर करपतात. हे काढून घेऊन दगडफूल तेलाच्या थेंबावर. मग खोबरं, बदामी रंगावर. सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून, तापलेल्या कढईत खसखस. ती तडतडली की झालं. सगळं एकदम कढईत ओतून हलवत बसणाऱ्यांचे धणे कच्चे राहतात आणि जिरे जळतात.

आणि आता थांबा. मसाला पूर्ण गार होऊ द्या, अर्धा तास तरी. गरम मसाला मिक्सरमध्ये फिरवला तर खोबऱ्याचं आणि खसखशीचं तेल सुटून त्याचा गोळा होतो, आणि झाकण काढताच जो घमघमाट येतो तो तुमच्या रश्श्यातून निघून चाललेला असतो.

तोवर तीन मध्यम कांदे सालासकट गॅसच्या जाळीवर ठेवा. बाहेरून काळे ठिक्कर आणि आतून मऊ झाले की साल काढा, कांदे थोडे निवू द्या आणि दहा-बारा लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं आणि गार मसाला घालून बारीक वाटा. पाटा-वरवंटा असेल आणि दंडात जोर असेल तर उत्तम. माझ्याकडे दोन्ही नाही. मिक्सरमध्ये थोडं थोडं पाणी घालून, थांबून थांबून वाटलं की चालतं. वाटण बोटांत चोळून पाहा, रवा लागला तर पुन्हा फिरवा.

तिखट कोणतं

नागपूर जिल्ह्यातलं भिवापूर हे मिरचीचं गाव. तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकनही आहे. भिवापुरी मिळाली तर तीच घ्या. नाहीतर दोन मिरच्यांचं मिश्रण करा: रंगाला बेडगी, तिखटाला जी मिळेल ती. मी एक-एक मोठा चमचा घेतो. रंग आणि तिखटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवा. सगळ्यात लाल रस्सा सगळ्यात तिखट असतोच असं नाही.

मिरचीचं बी तिखट असतं, ही समजूत तर घराघरात आहे. तिखटपणा असतो तो आतल्या पांढऱ्या शिरेत. बी तिला चिकटलेलं असतं म्हणून तेही तिखट लागतं, एवढंच. तेव्हा मिरची कमी तिखट करायची असेल तर नुसतं बी झटकून भागणार नाही, शीर खरवडा.

तेल

सावजी स्वयंपाकात जुन्या काळी जवसाचं तेल असायचं. विदर्भात जवस मुबलक, त्यामुळे ते साहजिकच होतं. हे तेल मोठं विलक्षण आहे. हवेतल्या प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन ते हळूहळू घट्ट होतं आणि वाळून कडक थर बनतो. म्हणून चित्रकार तैलरंग त्यातच कालवतात, क्रिकेटची बॅट त्यानंच मुरवतात, आणि त्यात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडून राहिला तर आपोआप पेटूही शकतो. कारण तेल वाळताना उष्णता बाहेर पडते.

याचा स्वयंपाकाशी संबंध असा, की हे तेल लवकर खवट होतं आणि कमी तापमानाला धुरावतं. लहान बाटली घ्या, फ्रीजमध्ये ठेवा. मी मसाला फल्लीच्या तेलात परततो आणि जवसाचं एक चमचाभर शेवटी वरून सोडतो. चव कळते, धूर होत नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं रंगकामाचं जवस तेल मात्र स्वयंपाकघरात आणूच नका, त्यात वाळवणारी रसायनं मिसळलेली असतात.

प्रमाण अर्धी वाटी, १०० मिलिलिटर. डोळे मोठे झाले असतील तर सांगतो, हे सगळं खायचं नाही, ते वर येणार आहे आणि तुम्ही हवं तेवढंच प्लेटमध्ये घ्याल. पण दोन चमचे तेलात तर्रीची अपेक्षा करू नका.

चुलीवर

जाड बुडाच्या गंजात तेल तापवा, आच मध्यम करा आणि वाटण टाका. आता पंचवीस मिनिटं सराटा हातात. सुरुवातीला वाटण सगळं तेल पिऊन टाकतं आणि बुडाला धरू लागतं. इथे बहुतेकजण घाबरून आणखी तेल घालतात. तेल नको, पाण्याचा हबका मारा, तळ खरवडा आणि परतत राहा. असं चार-पाच वेळा होईल. दर वेळी रंग एक छटा गडद होतो. वाटणातलं पाणी आटत नाही तोवर ते शंभर अंशांच्या वर तापत नाही, आणि ते तसं तापल्याशिवाय कांद्या-खोबऱ्याला तो भाजका, मांसल म्हणावा असा स्वाद येत नाही. कडेनं तेल सुटायला लागलं आणि मसाला गंज सोडून एका गोळ्यात फिरू लागला की झालं.

आता गॅस बंद. मिनिटभर थांबा. मग तिखट, अर्धा चमचा हळद आणि एक मोठा चमचा कोरडं भाजलेलं ज्वारीचं पीठ घाला. मिरचीचा लाल रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही, म्हणून तो आधी तेलाला लागला पाहिजे. पण फार तापलेल्या तेलात तो जळतो. विझलेल्या गॅसवरचा मसाला अगदी योग्य तापलेला असतो. पाऊण मिनिट ढवळा. तेल डोळ्यांदेखत लाल होतं.

लगेच उकळतं पाणी, चण्याच्या पाण्यासकट सहा वाट्या. गार पाणी ओतलं तर उकळी यायला वेळ लागतो आणि पीठ गुठळ्या धरतं. मीठ घाला, चना घाला, मोठ्या आचेवर पाच मिनिटं खळखळू द्या. टोमॅटो मी घालत नाही. त्याची आंबटगोड चव या मसाल्याला मानवत नाही.

यानंतर आच अगदी बारीक करा, झाकण थोडं उघडं ठेवा आणि सराटा धुऊन टांगून द्या. खळखळ उकळी म्हणजे घुसळणंच ते. तेलाचे बारीक थेंब पाण्यात पसरत राहतात आणि खसखस-खोबऱ्याचा चुरा त्यांना धरून ठेवतो, म्हणून रस्सा गढूळ, नारिंगी दिसतो. आच उतरली की थेंब एकमेकांना भेटतात, मोठे होतात आणि पाण्यापेक्षा हलके असल्यानं वर चढतात. वीस मिनिटं बारीक आचेवर, मग गॅस बंद करून आणखी दहा मिनिटं. झाकण काढा. आली.

आली नसेल तर कारण तीनांपैकी एक: वाटण कच्चं राहिलं, ज्वारीचं पीठ सढळ हातानं पडलं, किंवा तुम्ही अधूनमधून ढवळत होतात. तिसरं कारण सगळ्यात जास्त वेळा असतं. शेवटच्या दोन कारणांवर इलाज सोपा: वाटीभर उकळतं पाणी घालून पुन्हा बारीक आचेवर ठेवा आणि स्वयंपाकघरातून बाहेर जा. वाटणच कच्चं असेल तर आता ते भाजता येत नाही, आज आहे तसं खा.

मीठ जास्त पडलं म्हणून बटाटा टाकायचा सल्ला सगळे देतात. बटाटा खारट पाणी शोषतो, एकटं मीठ वेचून घेत नाही, त्यामुळे राहिलेला रस्सा तेवढाच खारट राहतो. बिनमिठाचं चण्याचं पाणी किंवा साधं उकळतं पाणी वाढवा.

पोहे

हे पटकन सांगतो. जाड पोहे तीन वाट्या. पोहे म्हणजे आधीच उष्णता देऊन चेपलेले तांदूळ, त्यांना शिजवायचं नसतं, पाणी दाखवायचं असतं. चाळणीत घेऊन नळाखाली अर्धं मिनिट धरा, निथळा, दहा मिनिटं झाकून ठेवा. भिजत घालू नका. मोहरी, हिरवी मिरची, कढीपत्ता, कांदा, हळद अशी साधी फोडणी, मीठ, चिमूटभर साखर, झाकण ठेवून दोन वाफा. तिखट बेतानंच, कारण वरून काय येणार आहे ते आपल्याला माहीत आहे.

प्लेटमध्ये पोहे, त्यावर डावभर चना रश्श्यासकट, वर तर्री, मग बारीक चिरलेला कच्चा कांदा, शेव आणि सांबार. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी इडलीचं सांबार शोधायला जाऊ नये. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. आमची सांबारवडीही तिचीच. लिंबू पिळायला विसरू नका.

जीभ भाजली तर

पाणी पिऊ नका. मिरचीतला तिखट घटक पाण्यात विरघळत नाही, पाणी त्याला तोंडभर फिरवून आणतं. दूध, दही किंवा ताक घ्या. दुधातलं केसिन नावाचं प्रथिन त्याला जिभेवरून सोडवतं. जीभ खरं तर भाजलेलीच नसते. चटका ओळखणारे जे मज्जातंतूंचे ग्राहक आपल्या अंगात असतात, नेमके तेच मिरची चाळवते, आणि मेंदूला आग लागल्याची वर्दी जाते. हा ग्राहक शोधून काढल्याबद्दल डेव्हिड ज्यूलियस यांना २०२१ च्या वैद्यक नोबेलमध्ये वाटा मिळाला. तळहात झोंबत असतील तर आधी खाण्याचं तेल चोळा, मग साबणानं धुवा. आणि डोळ्यांना हात लावू नका, हे सांगायची गरज नसावी, पण मी दोनदा लावला आहे.

डबा आणि डाग

उरलेला चना दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. गार झाल्यावर तर्री चमच्यानं वेगळी काढून काचेच्या बरणीत भरा, फ्रीजमध्ये चार-पाच दिवस राहते. आलूबोंड्यावर घ्या, चुनावर, म्हणजे पिठल्यावर सोडा, साध्या वरणाला वरून द्या.

प्लास्टिकच्या डब्यात ठेवायची चूक केलीच असेल, तर तो नारिंगी होईल आणि कितीही घासला तरी तसाच राहील, कारण मिरचीचा रंग प्लास्टिकमध्ये मुरतो. आधी थोडं तेल चोळा, मग साबणानं धुवा. हळदीचा डाग साबण लागताच लाल होईल, घाबरू नका. हळदीला चुन्यासारखं अल्क मिळालं की ती लाल होते, पूर्वी कुंकू याच युक्तीनं करत. मग डबा आणि झाकण गच्चीवर उन्हात ठेवा. ऊन हळदीचा आणि मिरचीचा दोन्ही रंग फोडतं. त्याच कारणानं तिखटाची बरणी खिडकीत ठेवायची नाही, हेही ओघानं आलंच. थंडीत दोन-तीन दिवस लागतात. मे महिन्यात, पारा पंचेचाळिसावर असताना, आमचा डबा एका दिवसात पांढरा होतो. फक्त संध्याकाळी उचलायला विसरू नका, नाहीतर झाकण वाकडं होऊन पुन्हा बसत नाही.